अकरा घरं, एक मिस्त्री

आमच्याकडे छपरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, चढवून झाले की उरलेले कवेलू पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवतात. माकडं उड्या मारून दोन-चार फोडणारच, तेव्हा ते कामी येतात. दोन पावसाळे गेले की कोपऱ्यात हीऽ थप्पी! कोणी मुद्दाम ठेवलेली नसते, पण टाकवतही नाही. किस्स्यांचं तसंच होतं. त्या उन्हाळ्याचे कितीतरी किस्से माझ्याकडे असेच पडून आहेत. पूर्वी मी ते सांगायला लागलो की आमच्या घरून मधेच सुधारणा यायची, "असं नव्हतं झालं हो ते!" मागच्या कार्तिकात ही गेली. आता सुधारणा करणारं कोणी नाही. तेव्हा चुकलं तर चूक माझी समजा.

महायुद्धाची मधली वर्षं. मी सडक अर्जुनीपासून दोन कोस आत असलेल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वाडीवर, शाळामास्तर होतो. चैत्रात दुपारच्या वाऱ्यात कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि गवताची अकरा घरं तासाभरात बसली. माणसं वाचली. बकऱ्याही बहुतेक वाचल्या. अकरा कुटुंबं शाळेत आणि शाळेसमोरच्या आंब्याखाली राहायला आली.

मृग दोन महिन्यांवर. तोवर डोक्यावर छप्पर आलं नाही, तर ही माणसं खाणीवर नाहीतर चहाच्या मळ्यांवर निघून जाणार आणि टोला मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. माती होती, बांबू होते, जंगलातून लाकूड आणायची परवानगीही मिळाली. नव्हते फक्त मिस्त्री! गोंदियाकडे विमानतळाचं काम निघालं होतं आणि आसपासच्या तीस कोसांतला जो कोणी थापी धरू शकत होता, तो तिकडे गेला होता. आमच्याकडे उरला एक. टिकाराम मिस्त्री. वय साठीच्या पुढे, डोळ्यांत पडदा आलेला. आणि जळालेल्या अकरांत एक घर त्याचंच होतं.

✱

आधी आम्ही मिस्त्री शोधायला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि डोमाजी पटेल. डोमाजीचं घर जळालं नव्हतं, पण टोल्याचा मोठा माणूस म्हणून सगळी जबाबदारी आपल्यावर आहे असं तो धरून चालायचा.

कोहमाऱ्याला सडकेच्या कडेला आम्ही खाचर, म्हणजे हलकी बैलगाडी, सोडून बसलो. मजूर भरलेले ट्रक तिथून जायचे. चाक बदलायला एक ट्रक थांबला तसा डोमाजी ओरडला, "मिस्तरी आहे का गा कोणी? दोन टाइम भात, वरून मासोळी!"

एक गडी खरंच उतरला. हातात थापी! आम्ही त्याला राजासारखा खाचरात बसवून आणला. रात्री मासोळी झाली. सकाळी टिकाराम मिस्त्रीने त्याला एका भिंतीपुढे उभं केलं. त्याने थापी अंगठा आणि दोन बोटांत धरली, करंगळी वर उचलली आणि डोकं एका बाजूला कलतं केलं.

मिस्त्री म्हणाला, "काय गा, भिंतीची दाढी करतं का?"

गड्याने हात जोडले. "न्हावीच आहो जी मी."

"मंग थापी कायले धरली?"

"तिकडं वस्तरा दाखवला तं म्हणे जागा नाही. थापी दाखवली तं लगेच नाव लिवून घेतलं!"

तो बिचारा दोन दिवस राहिला आणि खाल्लेल्या मासोळीला जागला. टोल्याला मिस्त्री मिळाला नाही, पण अकराही घरचे बापे गुळगुळीत झाले!

✱

मग प्रश्न आला, पहिलं घर कोणाचं? मिस्त्री एकटा. एक घर उभं करायला त्याला महिना. म्हणजे मृगापर्यंत दोन घरं. उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं?

शाळेच्या अंगणात बैठक बसली. ज्याची लेकरं जास्त त्याचं पहिलं, असं एकाने काढलं. दुसरा म्हणाला, ज्याचं आधी पेटलं त्याचं पहिलं. तिसरा म्हणाला, ज्याच्या चुलीने पेटलं त्याचं शेवटचं. तिथे हातघाईवर आलं.

मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. तो कधी मोठ्याने बोलायचा नाही.

"मातीच्या भिंतीचा एक थर म्हंजे एक रद्दा," तो म्हणाला. "रद्दा घातला का दोन दिवस वाळू द्या लागते. ओल्यावर दुसरा चढवला का बसलीच भिंत. मंग ते दोन दिवस मिस्तरी काय करते? बिडी पिते. एका घराले महिना लागते, तो कामाचा नाही, वाळायचा लागते. आज याचा रद्दा, उद्या त्याचा. अकराही घरं संगंच उठतीन."

"मंग पहिलं कोणाचं?" कोणीतरी विचारलंच.

"पहिलं कोणाचंच नाही. सारेच शेवटचे!"

भांडण तिथेच संपलं. आपलं शेवटचं आहे याचं दुःख कोणालाच झालं नाही.

✱

पण एवढे रद्दे एका माणसाच्या हातून होईनात. मी मिस्त्रीला म्हटलं, "चार जणांना शिकव."

"हे काम शिकवून येत नाही गुरुजी. बापाच्या हातातून लेकाच्या हातात जाते."

त्याचा लेक किसन विमानतळावर. मी त्याला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, "सुट्टी नाही. तब्येत बरी आहे."

मिस्त्री लोकांत एक रीत आहे. आपल्या घराच्या भिंतीला आपला हात लावायचा नाही. लावला तर हातातली विद्या जाते म्हणतात. मिस्त्रीचं घर लेकाने बांधायचं, नाहीतर दुसऱ्या मिस्त्रीने. टोल्यावर दोघंही नव्हते.

बिरजाबाई म्हणून एक विधवा बाई होती. तिचंही घर जळालं होतं. तोंडाने फटकळ. ती मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली.

"आमचे दहा घरं तुमी बांधान जी. तुमचं कोण बांधंन? पाऊस?"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मिस्त्री आंब्याखाली फिरताना दिसला. प्रत्येक चुलीपाशी वाकायचा, हाताने चाचपायचा, पुढे जायचा. आम्हाला वाटलं, विस्तव मागतो आहे.

मग त्याने नावं घेतली. बिरजाबाई, कौसल्या आणि आणखी दोघी. बापे चिडले. "आमी का मेलो का?"

"जिच्या चुलीवर भात एकाच बाजूनं करपत नाही, तिले लेव्हल समजते," मिस्त्री म्हणाला. "चुली कोण घालते? धानाच्या कोठ्या कोण घालते? तुमी घालता?"

डोमाजी म्हणाला, "आमचे पूर्वज माळव्यातून आले तेव्हा तलवारी घेऊन आले होते. थापी नव्हती आणली!"

बिरजाबाई म्हणाली, "मंग तलवारीनं गारा कालवा!"

आणि खरंच, बापे गारा तुडवायला लागले. माती, पाणी आणि धानाची तणस घालून पायांनी दिवसभर तुडवायचं, आणि बायांनी त्याचे गोळे करून रद्दा घालायचा. तिसऱ्या दिवशी डोमाजीही धोतर खोचून उतरला. त्याच्या पायाला गारा फार चांगला यायचा. पण हे त्याला कोणी सांगायचं नाही असं ठरलं होतं!

✱

गारा तुडवणाऱ्यांत नत्थू होता. थंडीत आमच्याकडे डंडार उभी राहते, गावचेच लोक रातभर नाटक करतात. त्यात नत्थू राणी व्हायचा. आवाज असा की पाटलिणींनी डोळे पुसावेत.

नत्थू तुडवता तुडवता गायला लागला की पाय तालात पडायचे आणि काम झपाझप व्हायचं. पण राणी वनवासाला निघाली की गाणं संथ व्हायचं, आणि सगळे तुडवायचे थांबून रडायला लागायचे. हातात गोळे धरून बायाही उभ्याच.

दोन दिवस मिस्त्रीने सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नत्थू, तुही राणी वनवासाले जाते तं जाऊ दे बापा. पण पायी काऊन जाते? घोड्यावर धाड!"

त्या उन्हाळ्यात आमची राणी घोड्यावरून वनवासाला गेली. चार दिवसांचं काम तीन दिवसांत!

✱

एकदा मिस्त्री दुसऱ्या घरी असताना बिरजाबाईने एका घराच्या भिंतीत दाराची जागा सोडली. मिस्त्री आला, हात वर करून चाचपला आणि म्हणाला, "हे काय केलं वो बाई? दार हातभर उंच झालं."

"हाव. तेवढंच पायजे."

"दार ठेंगणंच राहते. आजवर माह्या हातानं शंभर दारं झाले."

"मोजले कोणं?"

"मी मोजले. घरमालकानं मोजले."

"म्हंजे बाप्यांनी. बाप्याच्या डोक्यावर रायते का काही?" बिरजाबाईने बाजूच्या पाण्याच्या दोन पितळी गुंड्या उचलल्या, डोक्यावर एकीवर एक ठेवल्या, आणि त्या उंच दारातून मान न वाकवता सरळ आत गेली आणि सरळ बाहेर आली. वरची गुंडी भरलेली होती. थेंब सांडला नाही.

मिस्त्रीने हात वर करून दाराची उंची पुन्हा एकदा चाचपली. मग सुताराचं काम करणाऱ्या पोरांना हाक मारून म्हणाला, "चौकटी सगळ्याच वाढवा रे. अकराही."

बिरजाबाई जाता जाता म्हणाली, "शंभर दारं! अन् शंभर घरच्या बायांच्या माना दुखून राहिल्या."

✱

एका इतवारी मीही म्हटलं, आपणही एक रद्दा घालावा. शाळेला लागून आमची खोली होती, तिच्या मागची भिंत आगीच्या धगीने फुटली होती. मी धोतर आवरलं, गोळे रचले, दुपारपर्यंत घाम गाळला. मनात म्हटलं, जमलं की!

ही पाणी घेऊन आली. डोकं कलतं करून बघत राहिली.

म्हणाली, "तुमचं अक्षर आणि तुमची भिंत, दोन्ही उजवीकडेच झुकतात."

तिने तो रद्दा माझ्यासमोर पाडला आणि संध्याकाळपर्यंत स्वतः घातला. मी गोळे देत होतो. ती भिंत अजून आहे. जाता-येता हात लागतो.

✱

वैशाख संपत आला तेव्हा मजूर नेणारा दलाल टोल्यावर आला. धुतलेला कोट, बगलेत छत्री. आगीनंतरच्या आठवड्यात कौसल्येच्या नवऱ्याने, सोमाने, त्याला येतो म्हणून सांगून ठेवलं होतं. सोमाने गाठोडं बांधलं. तसं बांधायला होतंच काय!

दलाल म्हणाला, "चलो भाई, गाडी पकडनी है."

सोमा म्हणाला, "घरवालीले येऊ द्या."

कौसल्या तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर चढलेली. वरूनच म्हणाली, "आजचा रद्दा झाल्याशिवाय मी कुठं येत नाही. अर्धा सोडला तं भिंतीले जोड पडते."

दलाल आंब्याखाली बसला. रद्दा व्हायला संध्याकाळ झाली. गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छत्री उघडून उभा, तर कौसल्या तिसऱ्याच घराच्या भिंतीवर!

"अब क्या है?"

"आज हिचा रद्दा आहे ना जी. काल तिचा घातला, आज हिचा नाही घालू तं ही काय म्हणंन?"

तिसऱ्या दिवशी सोमाच्या स्वतःच्या घराचा नंबर होता. तो सोडून कसं जाणार? चौथ्या दिवशी दलालाने विचारलं, "और कितने रद्दे हैं?"

सोमा गाऱ्यात उभा होता. त्याने अकराही घरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, कोट काढून ठेवा. उकडून राहिलं असंन."

पाचव्या दिवशी दलाल एकटाच गेला. कौसल्येने ते गाठोडं सोडलं आणि त्यातल्या लुगड्याचा पदर फाडून ओळंब्याला दोरी केली.

✱

आणि मग मिस्त्रीचं घर.

दहा घरांच्या भिंती शेवटच्या रद्द्याला आल्या, काहींवर कवेलूही चढले. मिस्त्रीच्या घराला मिस्त्रीने हात लावायचा नव्हता. चौघींनीच ते बाकीच्यांबरोबर वर आणलं होतं, वरचे रद्दे तेवढे राहिले होते. तो मोहाच्या झाडाखाली पाठ करून बसला. पण रीत हाताची होती, तोंडाची नव्हती! तिथून त्याच्या सूचना सुरू झाल्या. गारा पातळ आहे. कोपरा दाबा. नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, गोळा नीट बसला की नाही.

बिरजाबाईने दुपारपर्यंत ऐकलं. मग नत्थूला त्याच्या शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आता राणीले पायीच धाड."

नत्थू गात राहिला. मिस्त्री ऐकत राहिला. पुढच्या दिवसापासून त्याने सूचना दिल्या नाहीत. नत्थू नसतानाही.

मृगाला चार दिवस उरले असतील. अकराव्या घरावर शेवटचे कवेलू बसले आणि त्याच दिवशी किसन आला. तिकडचं काम संपत आलं होतं, माणसं कमी करत होते. अंगात खाकी सदरा, कमरेला नवा पितळी ओळंबा, आणि पायात बूट. आमच्या टोल्यावर त्याआधी बूट आले होते ते फक्त शाळा तपासायला. किसन प्रत्येक पाऊल असं टाकत होता की ते सगळ्यांना दिसावं.

बाप नव्या घरासमोर बसला होता. किसन पाया पडला. मग घराकडे बघितलं आणि कमरेचा ओळंबा काढला. चारही कोपऱ्यांना लावला. आतून लावला, बाहेरून लावला. दारातून आत गेला, सवयीने वाकला, आणि वाकायची गरज नव्हती हे कळल्यावर परत बाहेर येऊन चौकटीकडे पाहत राहिला. आम्ही सगळे कामं सोडून त्याला बघत होतो.

"बा," तो म्हणाला, "हे तुह्या हातचं नाही."

"माह्या हातचं कसं असंन? घर माहं आहे."

"मिस्तरी कुठून आणला? नागपूरचा?"

"नाही."

"रायपूरचा?"

"नाही."

किसनने पुन्हा एकदा भिंतीवरून तळहात फिरवला. हळूच म्हणाला, "तिकडं आमी नुसतं सिमेट ओतत होतो बा. एक वरीस झालं, भिंत नाही घातली. मले या मिस्तरीच्या हाताखाली लावून दे."

मिस्त्रीने हनुवटी उचलून सडकेकडे दाखवलं.

तिथे शेजारच्या गावाहून आलेलं खाचर उभं होतं. त्यांच्याकडेही दोन घरं अर्धी राहिली होती आणि मिस्त्री मिळत नव्हता, म्हणून त्यांनी आमच्याकडे निरोप धाडला होता. बिरजाबाई खाचरात थापी, दोरी आणि भाकरीचं फडकं ठेवत होती. कौसल्या आधीच चढून बसली होती.

किसन चालत गेला. खाचरापाशी उभा राहिला. बिरजाबाईने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. नजर पायांपाशी थांबली.

"बूट काढ," ती म्हणाली. "तिथं गारा तुडवाले कोणी नाही."

किसनने मागे वळून बापाकडे पाहिलं. बाप आभाळाकडे बघत होता.

किसन खाचराच्या दांडीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला.